ऑर्क ग्रहाचा मॉर्क आणि आमची सूनबाई

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे फुलंब्री हे गाव आहे. लेणी पाहायला निघालेले परदेशी प्रवासी आमच्या गावावरून जातात, क्वचित चहाला थांबतात. लहानपणी आम्ही मुले त्यांच्याभोवती गोळा होत असू. त्यांच्या बोलण्याची नक्कल करून दिवस दिवस हसत असू. पुढे आम्ही शिक्षक झालो, निवृत्तही झालो. पण दुसऱ्याच्या वेगळेपणाला हसण्याची ती सवय काही सुटली नव्हती. ही गोष्ट ध्यानात आली ती एका जुन्या विनोदी मालिकेमुळे. वाचकांपैकी कोणाला आपल्याच घराची आठवण व्हावी, म्हणून ती येथे सांगत आहोत.

नाताळच्या सुटीत अमेरिकेत असलेला आमचा पुतण्या घरी आला होता. त्याने आपल्या लॅपटॉपवर ‘मॉर्क अँड मिंडी’ नावाची मालिका दाखवली. 1978 ते 1982 या काळात ती तिकडच्या दूरचित्रवाणीवर चालली. ऑर्क नावाच्या ग्रहावरचा मॉर्क अंड्याच्या आकाराच्या यानातून कोलोरॅडो राज्यातील बोल्डर गावी उतरतो आणि मिंडी नावाच्या तरुणीच्या घरी माणूस म्हणून राहू लागतो. त्याच्या ग्रहावर विनोदाला बंदी असते आणि याला तर थट्टा केल्यावाचून राहवत नाही. म्हणून वरिष्ठांनी त्याला पृथ्वीवर पिटाळलेले! हा मॉर्क कोट उलटा घालतो, खुर्चीत डोके खाली करून बसतो, बोटाने पाणी पितो. रॉबिन विल्यम्स तेव्हा अवघ्या सत्तावीस वर्षांचा होता. याच भूमिकेने त्याला घराघरांत नेले. 2014 साली तो जग सोडून गेला.

परग्रहवासीयाने माणसाचे सोंग घेऊन आपल्यात राहावे, ही कल्पना तिकडे जुनीच आहे. 1963 साली सुरू झालेल्या एका मालिकेत मंगळावरचा पाहुणा एका वार्ताहराचा काका बनून राहत असे. 1996 ते 2001 या काळातील दुसऱ्या एका मालिकेत तर परग्रहावरचे अख्खे पथक ओहायोतील एका गावात कुटुंब म्हणून नांदले आणि पथकाचा प्रमुख भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांनी परग्रहावरून आलेल्या मुलावर कादंबरी लिहिली आणि तिला ‘प्रेषित’ हे नाव दिले. हा शब्द आपण ख्रिस्ती लोक कोणासाठी वापरतो, हे वाचकांना सांगायला नको. नागपूरचे राजकुमार हिरानी यांचा ‘पीके’ 2014 साली आला. त्यातला परग्रहवासी चर्चमध्ये पूजेचे ताट घेऊन जातो आणि नारळ फोडतो, ते पाहून आम्हीही पोट धरून हसलो होतो. तो पीके भोजपुरी बोलतो. पडद्यावरच्या परक्याला पूर्वेकडचीच बोली का दिली असावी, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला नाही.

तो यायला हवा होता. कारण आमची सूनबाई झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्याची. शहरातील रुग्णालयात ती परिचारिका आहे. आमचे चिरंजीव वाळूजच्या कारखान्यात. दोघांची ओळख रविवारच्या मिस्सेनंतर झाली. लग्नाला आम्ही विरोध केला नाही, याचा आम्हाला थोडा अभिमानच होता. मुलगी कॅथलिक, सुशील, कमावती. आणखी काय हवे?

परंतु घरात आल्यावर ती आमच्या करमणुकीचा विषय झाली. तिची भाकरी तव्यावर जाण्याआधी तुटे. ताकाला ती ‘तो ताक’ म्हणे. सगळ्यांत मोठी गंमत तिच्या ‘आम्ही’ची. तिच्या भागातील हिंदीत एकटा माणूसही स्वतःला ‘हम’ म्हणतो. त्यामुळे ती सांगे, “पप्पा, आम्ही जेवलो.” आम्ही लगेच विचारत असू, “अजून कोण कोण जेवलं गं?” सगळे हसत. तीही हसे. ती हसते, तेव्हा तिला काही लागत नाही, असा आमचा समज होता.

रात्री रोझरी झाली की ती गच्चीवर जाऊन आईला फोन करी. अर्धा अर्धा तास तिच्या भाषेत बोलणे चाले. आमच्या सौभाग्यवती म्हणत, “आपल्या कागाळ्या सांगत असेल, दुसरं काय!”

आता पुन्हा मॉर्ककडे येऊ. प्रत्येक भागाच्या शेवटी मॉर्क अंधारात उभा राहून ऑर्सन नावाच्या आपल्या वरिष्ठाला अहवाल देतो. ऑर्सन दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. आज माणसांकडून काय शिकलो, ते मॉर्क त्याला सांगतो. दिवसभराचा विदूषक त्या दोन मिनिटांत गंभीर होतो. तो प्रसंग पाहताना आम्ही हसतच होतो. सूनबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, “पप्पा, आम्ही पण रोज हेच करतो.”

सवयीने प्रश्न ओठांवर आला होता; पण तिचा चेहरा पाहून तो तिथेच राहिला. सौभाग्यवतींनी विचारले, “काय सांगतेस गं आईला?”

“आज काय शिकलो ते. भाकरी थापताना पीठ किती भिजवायचं ते. पहिल्या वर्षी सांगत होतो, की इथे सगळे आम्हाला हसतात. आई म्हणाली, तू पण हस. म्हणजे तुला लागलं ते कळणार नाही.”

खोलीत कोणी बोलले नाही. पुतण्याने लॅपटॉप मिटला.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. मॉर्कची मालिका लिहिणाऱ्यांनी परक्याला हसता हसता लोकांना स्वतःकडे पाहायला लावले होते. आमच्या घरात हसणे एकाच दिशेने वाहत राहिले. रूथ ही मवाबी सून परक्या गावी आली आणि दावीद राजाची पणजी झाली, हे आम्ही मुलांना कितीदा शिकवले! बेथलेहेमच्या लोकांनी तिच्या बोलीची थट्टा केली असेल काय, हा विचार कधी शिवला नाही. रोज रात्री आत्मपरीक्षण करताना आम्ही लहानसहान रागलोभ आठवत असू. हे हसणे त्या यादीत कधीच नव्हते.

आणखी एक गोष्ट उमगली. ज्या ‘आम्ही’ला आम्ही हसलो, तोच शब्द हा लेख लिहिताना आम्ही स्वतःसाठी वापरत आहोत, आणि त्यावरून आम्हाला कोणी विचारणार नाही, की अजून कोण कोण लिहीत आहे! मराठीत ‘आम्ही’ म्हटले की समोरचा माणूस बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. हिंदीतले ‘हम’ दोन्ही कामे करते. शाळेत आम्ही हा भेद वर्षानुवर्षे शिकवला. घरात सूनबाईशी बोलताना मात्र “आमच्याकडे असं नसतं” हेच वाक्य आमच्या तोंडी असे.

सकाळी ती ड्यूटीला निघताना आम्ही तिला थांबवले. फार बोलता आले नाही. एवढेच म्हणालो, “सूनबाई, आम्ही चुकलो.”

तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग पिशवी खांद्याला लावत म्हणाली, “पप्पा, अजून कोण कोण चुकलं?”

या वेळी ती मनापासून हसली. त्या रात्रीचा अहवाल सिमडेग्याला काय गेला असेल, ते आम्ही विचारले नाही. जेवायला बसताना मात्र आठवणीने म्हणालो, “चला, आपण जेवू या.”