धाग्याचे ऋण

ज्या गावी वैशाखात पारा सत्तेचाळीस अंशांपलीकडे चढतो, त्या चंद्रपुरात राहून लोकरीचा संग्रह करणे म्हणजे वाळवंटात होडी बांधून ठेवणे होय, असे आमचे एक स्नेही वारंवार बोलून दाखवितात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. आमच्या माजघरात लोकरीने भरलेल्या तीन ट्रंका आहेत. देवघरालगतच्या फडताळात कोशाच्या सुताच्या लड्या आहेत. आणि वर्ध्याकडून वेळोवेळी आणलेले हातकताईचे सूत कोठकोठे ठेवले आहे, हे आमचे आम्हांसही सांगता येणार नाही. एकत्र कुटुंबात जागेची किंमत काय असते हे वाचकांस निराळे सांगावयास नको. परवा थोरल्या सूनबाईंनी अदबीने विचारले, "मामंजी, या ट्रंकांचे पुढे काय करावयाचे?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना जे विचार मनात आले, ते येथे मांडीत आहोत.

पुरुषाने विणीत बसावे याचे पुष्कळांस नवल वाटते. आमच्या मातुःश्री दोन सुयांवर विणीत. त्यांच्याजवळ बसून सुलटा व उलटा हे दोन टाके आम्ही मुंजीच्या वयातच शिकलो. पुढे शिक्षकाची नोकरी लागली ती वैनगंगेपलीकडे, आरमोरीच्या बाजूस. तो मुलूख तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. उन्हाळ्याची एवढी ख्याती असलेल्या या प्रांतात पौषातली रात्र जंगलाकाठी कशी असते, हे तेथे राहिल्यावाचून कळावयाचे नाही. दिवे वरचेवर जात. अंधारात ग्रंथ वाचता येत नाही. पण विणणाऱ्यास उजेडाची गरज नसते, टाके बोटांनी मोजता येतात. लघुकौमुदीची सूत्रे मनात घोळवीत आम्ही अशा रात्री कित्येक बंड्या पुऱ्या केल्या. दक्षिण अमेरिकेत पेरू देशी टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचे बेट आहे. तेथे टोप्या विणणे हे पुरुषांचेच काम समजतात, आणि युनेस्कोने २००५ साली त्या कलेचा गौरवही केला आहे. तेव्हा आमच्या हातातील सुया पाहून कोणी हसले, तर आम्ही त्यास ताकिलेस जाऊन येण्याचा सल्ला देतो.

'विणणे' हे क्रियापद मराठीत मोठे उदार आहे. कोष्टी लुगडे विणतो, धनगर घोंगडे विणतो, ढिवर जाळे विणतो, घरची मंडळी बाज विणतात आणि आम्ही टोपी विणतो, शब्द एकच. वस्तुतः या क्रिया निरनिराळ्या आहेत. मागावरील वस्त्रास उभे व आडवे असे दोन धागे लागतात. सुयांवरील कामात धागा एकच. त्याच्या एका फासातून दुसरा फास काढावयाचा, एवढेच काय ते. म्हणून असे वस्त्र अंगाबरोबर ताणते व पुन्हा मिटते, आणि एक टोक ओढले की सारे उसवून पुन्हा गुंडा तयार होतो. थोरल्याची बंडी उसवून धाकट्याची करता येते, ती याच गुणामुळे. या कलेचे आज उपलब्ध असलेले अतिप्राचीन नमुने इजिप्तमधील आहेत, आणि ते सुती पायमोजे आहेत, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ही विद्या केवळ हिमप्रदेशाची आहे, हा समज त्यामुळे टिकत नाही.

संग्रहाचा नाद लागला तो या धाग्यांच्या स्वभावभेदामुळे. दख्खनी मेंढीची काळी लोकर राठ. अंगास टोचते, पण पावसास दाद देत नाही. सूत थंड व जड. त्याची बंडी दोन धुण्यांत गुडघ्याकडे उतरू लागते. कोशाच्या धाग्यास तेज आहे, पण लोकरीच्या तंतूस निसर्गतः असते ती वळी नसल्यामुळे तो ताणला की मागे येत नाही. हल्ली बाजारात लोकर या नावाने जे विकते, ते बहुतांशी ॲक्रिलिक नावाचे कृत्रिम सूत असते. त्याची पारख अग्निपरीक्षेनेच होते. वीतभर धागा चिमट्यात धरून ज्योतीस लावावा. लोकर व रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. सुती धाग्यास कागद जळल्याचा वास येतो. कृत्रिम धागा मात्र वितळतो व त्याचा कठीण मणी होतो. हा प्रयोग आम्ही वर्गातही करून दाखवीत असू. बाळंतिणीच्या खोलीत जेथे शेगडी असते, तेथे हा मणी होणारा धागा तान्ह्याच्या अंगावर असू नये, हे त्यावरून मुलींनी आपण होऊन ताडले होते.

आता कोशाविषयी. 'कोश' या शब्दावरून 'कौशेय' हा शब्द साधण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र रचिले आहे. रामायणात सीतेचे वस्त्र कौशेयच आहे. ते सूत्र आम्हांस पाठ होते. पण कोश म्हणजे काय, ते आम्ही आरमोरीकडे गेल्यावर पाहिले. तुतीवरील रेशमाचा किडा घरात टोपलीत वाढतो. टसरचा किडा उघड्या रानात, ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढतो. पावसाळा लागला की ढिवर कुटुंबे त्या झाडांवर किडे सोडतात, आणि ते कोश करीपर्यंत कावळे, मुंग्या व माकडे यांपासून त्यांची राखण करीत रानातच दिवस काढतात. जाळे विणणारे हात तेच, कोश राखणारे हातही तेच. तयार झालेला कोश लहानशा अंड्याएवढा, कठीण व देठ असलेला असतो. आतील जीव पाखरू होऊन बाहेर पडला, तर कोश फुटतो व अखंड धागा निघत नाही. म्हणून तो जीव आधीच मारावा लागतो. मग कोश खाराच्या पाण्यात उकळून मऊ करावयाचे, आणि पाच-सात कोशांची टोके एकत्र जुळवून धागा ओढावयाचा.

एका मार्गशीर्षात अशीच धागा काढणारी एक बाई आम्ही ओट्यावर बसलेली पाहिली. रहाटावर सोन्याच्या वर्णाची लडी चढत होती, आणि तिच्या शेजारी सुपात, जुन्या लुगड्याच्या पटकुरात गुंडाळलेले आठ-दहा दिवसांचे मूल होते. त्याचे डोके उघडे होते. आम्ही लडीची किंमत विचारली, तिने सांगितली. आम्ही ती लडी घेऊन घरी आलो. ती अद्याप फडताळात आहे.

आमच्या भागात पूजेचे सोवळे पुष्कळदा कोशाचे असे. कापसाचे वस्त्र शिवाशिवीने ओवळे होते, रेशमाचे होत नाही, आणि लोकरीची धाबळीही सोवळ्यास चालते, असा आपला संप्रदाय. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर कौशेय व लोकर खाऱ्या मातीने आणि कांबळी रिठ्याने शुद्ध करावी, असा धुण्याचा विधीच दिला आहे. म्हणजे ज्या वस्त्रास आपण सर्वांत शुद्ध मानतो, त्याचा आरंभ एका जीवाच्या मरणात आणि ज्यांना आपली वडील मंडळी ओट्याच्या वर येऊ देत नसत, त्यांच्या हातांत आहे. कुचेष्टेसाठी हे लिहिले नाही. आम्ही स्वतः आजही कोशाचे सोवळे नेसून पूजेस बसतो. पण देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे घेऊन मनुष्य जन्मास येतो, असे जेव्हा आम्ही वर्गात शिकवीत असू, तेव्हा हे चौथे, धाग्याचे ऋण आम्हांस आठवल्यावाचून राहत नसे.

या ऋणाची निकड आमच्या घरातच एकदा कळून आली. बारा वर्षांपूर्वीच्या पौषात धाकट्या सूनबाई आठव्या महिन्यातच बाळंत झाल्या. मूल पावणेदोन किलोचे. काही दिवसांनी घरी पाठविताना डॉक्टरांनी सांगितले की, नवजात अर्भकास आपल्यासारखे कुडकुडता येत नाही. थंडीत ते न रडता निपचित पडत जाते. शरीराच्या मानाने त्याचे डोके मोठे असते व तेथून पुष्कळ ऊब निघून जाते. म्हणून मूल आईच्या उघड्या छातीशी धरावे व डोके झाकावे. ही रीत १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशात बोगोटा शहरी सुरू झाली.

टोपडे विणावयाचे तर माप हवे. खोलीतून डोक्याच्या मापाचा धागा बाहेर यावयास हवा होता. आणि आमच्या घरात सोयर कडक पाळतात. वहिनी दारातच उभ्या होत्या. "भावजी, दहा दिवस या खोलीतले काही बाहेर यावयाचे नाही," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुमची धाबळी कशाची?"

"लोकरीची."

"तिला विटाळ लागतो?"

त्या क्षणभर थांबल्या. मग आमच्या हातातील लोकरीचा धागा घेऊन स्वतःच आत गेल्या, आणि गाठ मारून माप घेऊन आल्या: एक वीत आणि चार बोटे. त्या रात्री टोपडे पुरे होईपर्यंत त्या आमच्यापुढे लडी धरून बसल्या होत्या. ती मुलगी आता सातवीत आहे.

आपल्याच जिल्ह्यांनी हा विषय जगास शिकविला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. रुग्णालय दूर आणि रस्ते बिकट, म्हणून गावातील स्त्रियांनाच नवजात बालकांची देखभाल त्यांनी शिकविली: श्वास पाहणे, वजन करणे, जंतुसंसर्ग ओळखणे, आणि मूल उबदार ठेवणे. ३९ गावांत केलेल्या या प्रयोगाचा वृत्तांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत असा उपक्रम नव्हता त्यांच्या तुलनेत, तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. ऊब हा त्या शिक्षणाचा एक भाग. पण तो असा आहे की, तुमच्या-आमच्या घरातील कोणालाही त्यास हात लावता येतो.

म्हणून ट्रंकांचा निकाल आम्ही असा लावला आहे की, दर वर्षी शरद ऋतूत एक ट्रंक रिकामी करावयाची, आणि टोपडी नदीपलीकडे पाठवावयाची. प्रत्येक घरात दोन-चार गुंडे पडून असतातच. त्यांच्यासाठी कृती देतो. जवळच्या रुग्णालयास प्रथम विचारून घ्यावे. चार पदरी खरी लोकर अथवा मऊ सूत घ्यावे. दहा क्रमांकाच्या सुयांवर ७२ टाके घालावे. दोन बोटे उंचीपर्यंत एक सुलटा, एक उलटा विणावे. पुढे एक ओळ सुलटी, एक उलटी अशी एकूण चार इंच उंची करावी. मग दर सुलट्या ओळीत समान अंतराने आठ टाके कमी करीत जावे; आठ उरले की धागा त्यांतून ओवून घट्ट ओढावा आणि कडा सपाट शिवून घ्याव्या. रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. टोपडे थंडीसाठी आहे; उन्हाळ्यात घालू नये, आणि मुलाच्या मानेवर घाम दिसताच काढावे. गोंडा व बंद मुळीच लावू नयेत. गोंडा तोंडात जातो आणि बंद गळ्यात अडकतो.