सगळ्यांचं, म्हणून साधं

'मीडिऑकर' या शब्दाच्या पोटात एक डोंगर आहे. लॅटिनमध्ये 'मेडियस' म्हणजे मधला आणि 'ऑक्रिस' म्हणजे खडकाळ डोंगर. दोन्ही मिळून अर्थ होतो, डोंगराच्या अर्ध्या उंचीवर असलेला. आज इंग्रजीत हा शब्द एखाद्या शेऱ्यासारखा मारतात: सुमार, जेमतेम. शिखर गाठलं नाही, एवढाच त्यातला आरोप. पण सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर फिरलेल्याला अर्धी उंची म्हणजे काय ते ठाऊक असतं. ती माची असते. राजगडाचा बालेकिल्ला पाहायला सगळे चढतात, मुक्काम मात्र पद्मावती माचीवर करत आले. तलाव तिथं, देऊळ तिथं, जुन्या घरांची जोतीही तिथं. रोमन कवी होरेसने तर या मधल्या जागेला सोनेरी म्हटलं होतं. आपण म्हणतो तो 'सुवर्णमध्य' त्याच कुळातला.

साधं, रोजचं, नजर ठरू नये असं काही सांगायला इंग्रजीत शब्दांची वाण नाही. कोश उघडून त्यांच्यामागे जाण्याचा मला छंद आहे. यातला कोणताही शब्द उचलावा, त्याच्या तळाशी माणसांचा राबता दिसतो. 'मंडेन' म्हणजे कंटाळवाणं. त्याच्या मुळाशी 'मुंडुस', म्हणजे अख्खं जग. 'ट्रिव्हियल' म्हणजे क्षुल्लक. त्याच्या मुळाशी तीन रस्ते जिथं मिळतात ती जागा, आपला तिठा. तिठ्यावर कोण भेटत नाही? बाजाराला निघालेला, लग्नाहून परतणारा, वाट चुकलेला. तिथलं बोलणं सगळ्यांच्या तोंडचं, म्हणून ते हलकं ठरलं. मध्ययुगीन युरोपातल्या शिक्षणाच्या पहिल्या तीन विद्यांनाही, म्हणजे व्याकरण, वक्तृत्व आणि तर्क यांना, 'ट्रिव्हियम' हेच नाव होतं. पुढचं सगळं शिकायचं तर या तिठ्यावरूनच जावं लागे.

'बनाल' या शब्दाला भाजलेल्या पावाचा वास आहे. सरंजामी फ्रान्समध्ये जहागीरदाराच्या हुकमाला 'बान' म्हणत. गावाने त्याच्याच गिरणीत दळायचं, त्याच्याच भट्टीत पाव भाजायचा आणि त्याचा मोबदलाही द्यायचा, असा तो हुकूम. अशी भट्टी ती 'बनाल'. त्यामागे जुलूम होता, हे विसरता येत नाही. पण त्या एकाच भट्टीच्या तोंडाशी साऱ्या गावाची भाकर भाजून निघत होती, हेही खरं. पुढे हुकमाचा अर्थ झडला आणि 'सगळ्या गावाचं' एवढाच उरला. मग जे सगळ्या गावाचं, ते शिळं, ते चावून चोथा झालेलं, असं मानलं जाऊ लागलं. जहागीरदार गेला, त्याची नजर मात्र शब्दात राहिली.

'ॲव्हरेज' आला समुद्रावरून. बहुतेक कोशकार त्याचं नातं माल खराब होण्याबद्दलच्या एका अरबी शब्दाशी जोडतात. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारात एक रीत होती. वादळात जहाज वाचवण्यासाठी कुणा एकाचा माल पाण्यात टाकावा लागला, तर ते नुकसान त्याच्या एकट्याच्या माथी मारायचं नाही. ज्यांचं ज्यांचं काही त्या जहाजावर आहे, त्या सर्वांनी ते वाटून घ्यायचं. ही वाटणी म्हणजे ॲव्हरेज. सागरी कायद्यात ती आजही जिवंत आहे. 2021च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे अजस्र जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. ते सुटल्यावर त्याच्या मालकांनी 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केलं आणि जहाजावरच्या मालाच्या धन्यांवरही खर्चाचा वाटा आला. एकाचं बुडणं सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं, इतका उदार विचार ज्या शब्दातून आला, तोच आपण मुलांच्या प्रगतिपुस्तकावर नाक मुरडत उच्चारतो.

सगळ्यांत जास्त मी रेंगाळते ती 'व्हॅनिला'पाशी. काही खास नसलेल्या गोष्टीला इंग्रजीत 'प्लेन व्हॅनिला' म्हणतात. व्हॅनिला मूळची मेक्सिकोकडची, एका ऑर्किडच्या वेलाची शेंग. तिचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी कोमेजतं. दूरच्या बेटांवर नेलेल्या वेलींना फुलं यायची, पण शेंगा धरत नसत. 1841 मध्ये रेयुनियों बेटावर एदमों नावाच्या 12 वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग जागच्या जागी दाबले. शेंग धरली. पुढे जगभरच्या मळ्यांनी हीच रीत उचलली आणि आजही बहुतेक व्हॅनिला अशीच, एकेक फूल हाताळून, पिकते. म्हणून तर ती केशराखालोखाल महाग. 1848 मध्ये गुलामी संपली, त्याला अल्बियस हे आडनाव मिळालं. पैसा मात्र मिळाला नाही. 1880 मध्ये तो गरिबीतच गेला. त्याआधीच, 1874 मध्ये, जर्मन रसायनज्ञांनी सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलाचा गंध घडवला होता. तो स्वस्त झाला, घरोघरच्या आइस्क्रीममध्ये शिरला. सगळ्यांना मिळू लागला, आणि त्याचं नाव साधेपणाला चिकटलं.

जे सर्वांचं झालं, ते उतरलं. ही उतरण कुणी ठरवली, हे 'पेडेस्ट्रियन' शब्द सांगून टाकतो. त्याच्या मुळाशी पाय आहेत. इंग्रजीत तो आधी नीरस लिखाणासाठी वापरला गेला, पायी चालणारा माणूस त्यात नंतर आला. काव्य घोड्यावर, गद्य पायी, अशी ती जुनी कल्पना. चालणारा फिका दिसतो तो घोड्यावर बसलेल्याला. बरोबरीने चालणाऱ्याला तो सोबती वाटतो.

संस्कृतातल्या 'साधारण'चा मूळ अर्थही सामाईक, अनेकांचं मिळून असलेलं, असाच आहे. दुर्मीळ वस्तूला एक धनी आणि एक कुलूप पुरतं. साधी गोष्ट साधी राहण्यासाठी मात्र पुष्कळ जणांना रोज राबावं लागतं: भट्टी पेटती ठेवायची, रस्ता वाहता ठेवायचा, नुकसान वाटून घ्यायचं, फूल कोमेजण्याआधी त्याच्यापर्यंत पोचायचं. सर्वांच्या वाट्याला येणं ही कोणत्याही गोष्टीची मोठी मजल आहे. तिला उणं लेखणाऱ्या शब्दांच्या मुळाशीच तिची थोरवी लिहिलेली आहे, आणि ती वाचल्याशिवाय एखाद्या माणसाला किंवा कामाला 'ॲव्हरेज' म्हणायला आता माझी जीभ उचलत नाही.