सातवा आंकडा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हां दोघां मित्रांस भंडारदऱ्याजवळील मुलांच्या एका शिबिरांत गटनायक म्हणून काम करण्याचा योग आला. आम्ही दोघेही याच शाळेच्या बांकांवर वाढलेले. तेव्हां त्या दहा दिवसांत जें शिकलों, तें आपल्या धाकट्या बंधूंस या अंकांतून सांगावें, असें वाटून हा लेख लिहीत आहों.

उन्हाळी शिबिराची कल्पना तशी जुनी आहे. १८६१ सालीं अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत फ्रेडरिक गन या शिक्षकानें आपल्या विद्यार्थ्यांस पायीं चालवीत समुद्रकांठीं नेलें व तंबूंत राहावयास लाविलें. पुढें १९०७ सालीं बेडन-पॉवेल यांनीं इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांचें शिबिर भरविलें आणि त्यांतून बालवीर चळवळ उभी राहिली. आमच्या प्रमुख गुरुजींनीं पहिल्याच रात्रीं ही हकीकत सांगितली व शेवटीं ते म्हणाले, "तंबू ठोकणें चार दिवसांत येतें. मुलें सांभाळणें मात्र ज्याचें त्यास शिकावें लागतें."

आमच्या गटांत दहा ते बारा वर्षांचीं बारा मुलें होतीं. पहांटे पांचास त्यांस उठविणें, बुटांत विंचू शिरला असेल म्हणून प्रत्येक बूट उलटा करून झटकविणें, दोरीच्या गांठी शिकविणें, पाण्याचे हंडे भरून घेणें, आणि रात्रीं कंदिलाच्या उजेडांत प्रत्येकाच्या पायांवरचे फोड तपासणें, हीं आमचीं कामें. त्यांत सर्वांत सोपें वाटे तें मोजणीचें. प्रत्येक मुलास एक आंकडा दिलेला असे. निघतांना, थांबतांना व पोहोंचतांना मुलें ओळीनें आपापला आंकडा उच्चारीत.

सातव्या आंकड्याचा मुलगा फार अबोल होता. घरच्या आठवणीनें तो पहिल्या दोन रात्रीं निजलाच नाहीं. तिसऱ्या रात्रीं तलावाकांठच्या झाडांवर काजवे लुकलुकूं लागले, तेव्हां तो प्रथम हंसला. परंतु त्याचा आवाज इतका बारीक कीं, मोजणींत 'सहा' झाल्यावर क्षणभर वाट पाहून 'सात' आम्हीच म्हणून टाकीत असूं.

सहाव्या दिवशीं कळसूबाईवर जाण्याचें ठरलें. हें शिखर १६४६ मीटर, म्हणजे सुमारें ५४०० फूट उंच. महाराष्ट्रांत याहून उंच दुसरें नाहीं. बारी गांवांतून वाट निघते, आणि जेथें कडा उभा आहे तेथें लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. नियम असा कीं, एका नायकानें पुढें व दुसऱ्यानें सर्वांच्या मागें चालावें, आणि सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीनें गटानें चालावें. परंतु दुसरा एक गट आम्हांस मागें टाकूं लागला आणि आमचा अभिमान जागा झाला. मागचा नायकही हळूहळू पुढें आला. एक शिडी चढून होतांच घाईघाईनें मोजणी झाली. 'सहा', मग आमचा 'सात', मग 'आठ'. आणि आम्ही धांवत सुटलों.

शिखरावरील देवीच्या लहानशा देवळापाशीं आम्ही सर्वांआधीं पोहोंचलों. पश्चिमेस अलंग, मदन, कुलंग हे गड. दक्षिणेस भंडारदऱ्याचा जलाशय. मुलें आनंदानें ओरडत होतीं. इतक्यांत दुसऱ्या गटाचा नायक वर आला व त्यानें सहज विचारलें, "तुमचीं अकराच कशीं?"

पायांखालचा डोंगर सरकल्यासारखें झालें. मुलें त्याच्या स्वाधीन करून आम्ही दोघेही खालीं धांवलों. शिडीच्या खालच्या अंगास ताक विकणाऱ्या एका म्हातारीच्या झोंपडीच्या सावलींत तो बसला होता. हातांत ताकाचा पेला होता. "शिडीची भीति वाटली. 'थांबा' म्हणालों होतों," एवढेंच तो बोलला. म्हातारी मात्र म्हणाली, "एवढ्याशा लेकराला मागं टाकून वर काय गावलं रं तुमाला?" यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ताकाचे पैसेही तिनें घेतले नाहींत.

रात्रीं गुरुजींस सर्व सांगितलें. ते रागावले नाहींत. "समारोपास त्याचे वडील येतील. त्यांस तुम्हीच सांगा," असें म्हणून ते उठले. उरलेले दिवस आम्हांस फार लांब गेले. त्या दिवसांत आम्ही प्रत्येक मुलासमोर उभें राहून, त्याचा चेहरा पाहून मोजणी करूं लागलों. चालतांना सातव्यास सर्वांच्या पुढें ठेवूं लागलों. त्याच्या चालीनें बारा जण चालले म्हणजे कोणी दमतही नाहीं, असें दिसून आलें.

समारोपाच्या दिवशीं आम्हीं त्याच्या वडिलांस कांहींही न लपवितां सर्व सांगितलें. ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "त्याचा आवाज लहान आहे. ऐकणारास जवळ जावें लागतें." त्यांनीं क्षमा केली कीं नाहीं, तें आम्हांस समजलें नाहीं, व विचारण्याचें धैर्यही झालें नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येकांवर उद्यां वर्गाची, संघाची वा धाकट्या भावंडांची जबाबदारी येईल. तेव्हां आपल्या पुढें कोण गेला हें पाहण्याआधीं मागें कोण राहिला हें पाहा. आणि दुसऱ्याचा आंकडा त्याच्या वतीनें आपण कधींही उच्चारूं नका.