पालमचा मोंढा आणि मैदानाची वाट

गंगाखेडहून लोह्याकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत पालम लागते. तालुक्याच्या अंगास गोदावरी, सभोवती काळी कसदार जमीन, तिच्यावर कापूस, सोयाबीन, तूर. गावास रेल्वे नाही. ती गंगाखेडला धरावी लागते. जैन यात्रेकरूस परभणी जिल्हा ठाऊक असतो तो नवागढ आणि जिंतूरजवळील नेमगिरी या अतिशय क्षेत्रांमुळे. पालम त्या वाटांवर येत नाही, म्हणून सहसा पाहिलेही जात नाही.

तरीही येथून एक वाट फार दूर जाते. पालमचा महाविद्यालयीन खेळाडू नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या छत्राखाली येतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग आणि मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशा या पायऱ्या. बास्केटबॉलचा संघ बारा जणांचा, विद्यापीठाचे जिल्हे चार. चाळणी किती बारीक, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको.

हा खेळ 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी योजिला. फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. तेथील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत 1939 साली अवघे आठ संघ होते. अंतिम सामन्यात ओरेगनने ओहायो स्टेटला 46-33 असे नमविले. पुढे तिचे रूप अफाट झाले. 2010 च्या अंतिम सामन्यास इंडियानापोलिसमध्ये सत्तर हजारांवर प्रेक्षक होते. बटलर हे लहानसे विद्यापीठ बलाढ्य ड्यूकशी 61-59 असे हरले. शेवटच्या क्षणी मैदानाच्या मध्यातून फेकलेला चेंडू कड्यावर आदळून बाहेर गेला. ड्यूकचा जयघोष झाला, पण आठवण राहिली ती त्या चेंडूची.

पालममध्ये अडचण कड्याच्या उंचीची नाही. ते सर्वत्र 3.05 मीटरच. अडचण हंगामाची. विद्यापीठ स्पर्धा बहुधा हिवाळ्यात भरतात, आणि नेमका तेव्हाच मोंढ्यात कापूस येतो, पाठोपाठ तूर. आडतीच्या गादीवर घरचे माणूस हवे असते. मुलगी खेळणारी असेल, तर घरातील चर्चा अधिक लांबते. शिवाय डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या खेळाडूचा सामना सायंकाळी ठरला, तर जेवण केव्हा करावयाचे? दुपारी भरपेट जेवून धावता येत नाही आणि सामन्यानंतर जेवता येत नाही.

यास तोड आहे, पण ती खेळाडूने एकट्याने काढावयाची नव्हे. संघव्यवस्थापकास नियम आधी सांगावा, सामन्याची वेळ विचारून घ्यावी. दुपारचे जेवण हलके ठेवावे. दशम्या, खाकरा, भाजलेले शेंगदाणे शिदोरीत द्यावेत, म्हणजे सूर्यास्तापूर्वी थोडे पोटात जाते. कांदा-लसूण वर्ज्य असल्यास तेही स्पष्ट सांगावे; परगावच्या भोजनालयात ऐनवेळी ते जमत नाही. आणि तेवढे चार-आठ दिवस गादीवर काकांनी बसावे.