अनसिंगच्या गोठ्यातल्या मोटारी

वाशिमहून पुसदच्या रस्त्याला लागले की वाटेत अनसिंग येते. गावाचे नाव शृंगऋषींवरून पडले असे गावकरी सांगतात. पाहुणा येतो, देवदर्शन करतो, चहा घेतो आणि पुढची गाडी धरतो. वाचकहो, तुमचे कधी तिकडे जाणे झाले आणि हाताशी तासभर असला, तर दर्शनानंतर गावातून जरा सावकाश चाला. घरांच्या दर्शनी बाजूला नवे ट्रॅक्टर आणि मोटारसायकली दिसतील. त्यांच्यावर नजर अडकवू नका. मागे गोठ्याकडे पाहा, कडब्याच्या गंजीआड पाहा, निंबाखाली पाहा. एखादे वेळी तेथे कुटाराच्या पोत्यांखाली दबलेली जीप उभी असते. बोनेटवर कोंबडी बसलेली असते आणि स्टेअरिंगला दोर बांधून त्यावर गोधड्या वाळत घातलेल्या असतात.

अशा गाड्यांचे फोटो काढण्याची मला हौस आहे. मोठ्या शहरांत या छंदाला मान आहे. तेथे राजेमहाराजांच्या आणि धनिकांच्या जुन्या मोटारी पॉलिश करून मैदानात मांडतात, आणि लोक गळ्यात कॅमेरे अडकवून त्यांचे दिवे, चाके, नावाच्या पट्ट्या टिपत फिरतात. आपल्या भागात राजाची मोटार कोठून येणार? आपल्या जुन्या गाड्या म्हणजे जीप, ॲम्बॅसेडर, फियाट आणि तांबडा ट्रॅक्टर. पण मी म्हणतो, पाहण्यासारखे त्यांच्यात कमी नाही. उलट राजाची मोटार ड्रायव्हर पुसत असे, आपली गाडी घरातल्या सगळ्यांच्या हाताखालून गेली. ते हात तिच्यावर उमटलेले असतात.

जीपचेच घ्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी या गाड्या लाखोंनी बनवल्या. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि ती गाडी आपल्या खेड्यापाड्यांत पोचली. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली. तिचा प्रचार करणारे शेतीखात्याचे लोक जीपमधूनच हिंडले. गावात जीपचा आवाज आला की पोरे धावत आणि म्हातारी माणसे टोपी नीट करीत, कारण जीप म्हणजे सरकार. पुढे शेतकऱ्याच्या दारात स्वतःची जीप उभी राहिली, तेव्हा त्या घराची मान किती उंच झाली असेल ते तुम्ही जाणताच.

आता तीच गाडी किलोच्या भावाने जाते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करून ती मोडीत काढण्याचा नियम झाला, त्यामुळे कचेऱ्यांच्या आवारातल्या जुन्या जीपही निघाल्या. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी. तो कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीचा. टॅक्सी जाणार म्हटल्यावर माणसे तिच्याजवळ उभी राहून फोटो काढून घेऊ लागली. ॲम्बॅसेडरचे उत्पादन तर २०१४ सालीच थांबले. मुंबईच्या टॅक्सीला निरोप द्यायला वर्तमानपत्रे होती. अनसिंगच्या गोठ्यातल्या जीपला निरोप कोण देणार?

गेल्या वर्षी त्या गावात एका घरी मातीच्या नमुन्यांच्या कामाने गेलो होतो. मागच्या अंगणात हिरव्या रंगाची उंच बोनेटची जीप दिसली. तोंडावर सात उभ्या फटी, पुढची काच बोनेटवर आडवी पडेल अशी बिजागरी, आणि बंपरमध्ये हँडल घालण्याचे भोक. तरुण वाचकांसाठी सांगतो, बॅटरी बसली की याच भोकातून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवीत. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे, म्हणून जाणता माणूस अंगठा दांड्याला गुंडाळत नसे, बोटांच्या बाजूलाच ठेवी. मी फोन काढून वाकलो, तशी घरातली सून हसली. "सायेब, या भंगाराचा फोटू कायले काढता? परवा गाडी न्याले येऊन राह्यला तो."

परवा म्हणजे भंगारवाला येणार होता. घरच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, सोयाबीनचे पैसे कर्जात वळते झालेले. मी गाडी ठेवा असे म्हटले नाही. म्हणणारही नाही. उभी गाडी चाऱ्याची जागा खाते आणि मुलीची फी तारखेला भरावी लागते. एवढेच म्हटले की आज दोन तास मला द्या, पोते-पाटी बाजूला काढा आणि घरातल्यांनी जवळ उभे राहा.

मी नेहमीप्रमाणे तोंडाकडून सुरुवात केली. ओसरीवरून आजी पाहत होत्या. थोड्या वेळाने काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही नुसतं तोंडच काढून राह्यले. थो मांगचा दांडा काढा ना." मागच्या बाकाजवळ टपाचा आधार देणारा लोखंडी दांडा होता. त्याचा रंग एका वीतभर जागी पार उडालेला. आजींनी त्यावर हात ठेवला. "याच्या बापाच्या वक्ती, पाण्याचे दिवस होते, हा दांडा धरून मी वाशीमले गेली. बुढा गाडी हाकत होता आन् मी वरडत होती." ज्याच्या जन्माची ही गोष्ट, तो पन्नाशीचा मुलगा बाजूलाच उभा होता. त्याला ती माहीत नव्हती. त्या दिवशी मी काढलेल्या साठ-सत्तर फोटोंत दांड्यावरच्या त्या हाताचा फोटो सगळ्यांत चांगला उतरला, आणि त्यात मोटार अशी फारशी दिसतच नाही.

मग घरातले एकेक बोलू लागले. डॅशबोर्डवर चिकटवलेले देवाचे चित्र कोणत्या जत्रेचे, मडगार्डावरचा ठिगळ कोठल्या मिस्त्रीने मारला, मूळ पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे कधी बसवले. नातू फोन घेऊन माझ्यामागे फिरू लागला. म्हणून तुम्हाला सांगतो, गाडीचा तपशील टिपायचा तर घरातले जाणते माणूस शेजारी पाहिजे. एकट्याने काढलेले फोटो पत्र्याचे निघतात.

आता काढायचे कसे, तेही सांगतो. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल असे, धुवायला शहरात द्यावा लागे, म्हणून माणूस दहादा विचार करून बटण दाबी. आता फोनमध्ये फुकट निघतात आणि त्यामुळेच वाईट निघतात. वेळ सकाळची धरा, ऊन कोवळे असताना, किंवा दिवस मावळण्याआधीची. दुपारच्या उन्हात पितळ आणि क्रोम नुसते चमकते आणि बाकी सगळे काळे पडते. दुपारीच काढणे भाग असेल तर गाडीवर निंबाची सलग सावली पाहा. पानांतून ठिपके पडणारी सावली नको, गाडी चित्त्यासारखी दिसते.

उभ्याने काढू नका. उकिडवे बसा, फोन दिव्याच्या उंचीला आणा, म्हणजे गाडी आपल्या रुबाबात दिसते. वरून काढली की बुटकी होते. फार जवळूनही काढू नका, नाक भोपळ्यासारखे फुगते. पाच-सहा पावले मागे सरून कोपऱ्यावरून एक पूर्ण फोटो घ्या, ज्यात तोंड आणि एक बाजू दोन्ही येतील. मग जवळ जा. चकचकीत भागात तुम्हीच दिसता, म्हणून जरा तिरके उभे राहा. पांढरा सदरा असेल तर विशेष जपा.

गाडी आधी धुऊ नका, हे माझे ठाम मत आहे. पत्र्यावर उठवलेल्या अक्षरांत धूळ बसलेली असते, तीच अक्षरे वाचता येतात. एक फोटो धुळीसकट, मग फडके मारून दुसरा. इंजिनावर आणि सुट्या भागांवर ओतलेले नंबर जरूर टिपा. ट्रॅक्टरवाल्यांना याचा रोकडा उपयोग आहे. जुन्या ट्रॅक्टरचा भाग मागायला अकोल्याला जावे आणि दुकानदाराने नंबर विचारावा, तेव्हा फोनमधला तो फोटो एक खेप वाचवतो. बोल्टाचा फोटो काढताना शेजारी आगपेटी ठेवा, आकार कळतो. युद्धकाळातल्या फोर्डच्या जीपमध्ये बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी एफ अक्षर उठवलेले असे. तुमच्या गोठ्यात तसा एखादा बोल्ट सापडला तर मला कळवा, मी काम टाकून येईन.

मीटर पाहा. काही जुन्या गाड्यांत वेग मैलांत लिहिलेला असतो. ॲम्बॅसेडर असेल तर खाली वाका, दिव्याचा डिपर पायाने दाबण्याचा असे. फियाटमध्ये गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर असतो. १९५० च्या दशकातल्या, पुढची दारे उलटी उघडणाऱ्या गाडीला मुंबईकर डुक्कर फियाट म्हणत. नाव ओंगळ, पण गाडी पाहिली की पटते. नंबरपाटी हाताने रंगवलेली असेल तर ती सोडूच नका. १९८९ च्या आधीचे नंबर तीन अक्षरे आणि पुढे आकडे असे असत, जिल्ह्याचा क्रमांक त्यात नसे. आज अनसिंगच्या नव्या गाडीवर एमएच ३७ असते. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधीचे सगळे अकोल्याचे.

दुसऱ्याच्या गाडीचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये, आणि कागदपत्रांचे व चासीच्या नंबराचे फोटो गावभर पाठवू नयेत. ते घरातच ठेवा.

कोणी विचारील, आमची गाडी पन्नास वर्षांची आहे, तिला काही किंमत येईल का? २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली खाजगी दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये ठेवली, आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. आपल्या बहुतेक जीपची इंजिने बदललेली, टप तोडलेले, तेव्हा या वाटेने पैसा मिळेल अशा भरवशावर राहू नका. मोडीतच द्यायची तर अधिकृत केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओकडे नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी गेली तरी कागदावर ती आजोबांच्या नावाने धावतच राहते.

अनसिंगची जीप ठरल्या दिवशी गेली. मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मी बारा फोटो कागदावर छापून नेऊन दिले, प्रत्येकाच्या पाठीमागे नातवाने पेनाने लिहिले: कोणी घेतली, कोणत्या पिकाच्या पैशात घेतली, कोणी किती वर्षे चालवली. सालाबद्दल घरात दोन मते होती, तर दोन्ही साले लिहिली. आजींनी दांड्याचा फोटो मागून घेतला आणि पोथीत ठेवला.

तांबडा ट्रॅक्टर मात्र त्या घरी अजून आहे आणि विकायचा विचार नाही. दसऱ्याला त्याला धुऊन हार घालतात. नातवाने यंदा आधीच बजावले आहे की सकाळी आठच्या आत या, ऊन चढले की बोनेट चमकते, आणि धुण्याआधीचा एक फोटो मी काढून ठेवतो.