टाकी कुठे भरायची

डेन्व्हरहून ट्रेलर ओढत पश्चिमेला निघायचं ठरलं, की आमच्याकडे सामानाआधी पंपांची यादी होते. एरवी गॅलनला 20 मैल देणारा पिकअप मागे 7,000 पौंडांचा ट्रेलर लावल्यावर 8-9 मैलांवर येतो. लांब चढ आणि समोरून वारा असेल तर 6-7. टाकी 26 गॅलनची. कागदावर ती 200 मैलांच्या वर नेते, पण डोंगरात मी 150 च्या पुढचा हिशेब धरत नाही. उरलेलं पेट्रोल वाऱ्यासाठी, ट्रॅफिकसाठी आणि बंद रस्त्यांसाठी राखून ठेवायचं.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला इथली उंची लवकर उमजत नाही. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटरवर, तर डेन्व्हर शहर वसलंय 1,609 मीटरवर. म्हणजे आय-70 हायवेवरचा आमचा घाट कळसूबाईच्या माथ्यापासून सुरू होतो आणि आयसेनहॉवर बोगद्यापाशी 3,400 मीटरला पोचतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे 3 टक्क्यांनी घटते, त्यामुळे बोगद्यापर्यंत एक तृतीयांश ताकद गेलेली असते. काही जण वजन कमी व्हावं म्हणून चढाआधी टाकी मुद्दाम अर्धी ठेवतात. मला ते अजिबात पटत नाही. अर्ध्या टाकीतल्या पेट्रोलचं वजन फार तर 80 पौंड. मागच्या 7,000 पौंडांपुढे ते काहीच नाही. शिवाय इंधनाचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि त्याला थंड ठेवण्याचं काम पेट्रोलच करतं. लांब चढावर इंजिन जोर लावत असताना टाकी तळाशी नेणं पंपाच्या जिवावर बेतू शकतं.

डॅशबोर्डवरच्या ‘अजून इतके मैल’ या आकड्यावरही मी घाटात विसंबत नाही. तो काढला जातो मागच्या काही मैलांच्या सरासरीवरून. बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नकडे निघालं की 7 टक्क्यांचा लांब उतार लागतो. खालच्या गिअरमध्ये गाडी इंजिनवर धरली, की इंजिनात पेट्रोल जवळजवळ जातच नाही. आकडा भराभर चढतो, जीव सुखावतो, आणि थोड्याच मैलांत व्हेल पासचा 10,662 फुटांचा चढ समोर उभा राहतो. चढताना जाळलेलं पेट्रोल उतारावर पुरतं वसूल होत नाही, कारण उतरतानाची बरीचशी ताकद इंजिन आणि ब्रेक तापवण्यात जाते. म्हणून मी काटा बघतो आणि पुढच्या चढाची उंची बघतो.

पंप निवडताना भाव सगळ्यात शेवटी. आधी आकार. पिकअप आणि ट्रेलर मिळून 50 फुटांची लांबी होते आणि एवढं धूड जिथे सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडेल तोच पंप आपला. आदल्या रात्री उपग्रहाच्या नकाशावर मी प्रत्येक पंप वरून बघून घेतो. गाड्यांचं तोंड दुकानाच्या दाराकडे येत असेल, तर पेट्रोल भरल्यावर वळायला जागा नाही. तो पंप बाद. रांगा दुकानाला समांतर असतील, तर कडेची रांग पकडायची. छत जुनं आणि बुटकं दिसलं तर तोही बाद.

पेट्रोल भरून निघताना खरी परीक्षा असते. डावीकडे वळलं की ट्रेलरची चाकं आतून, डावीकडून कापत येतात आणि त्याच वेळी मागचा कोपरा उजवीकडे बाहेर फेकला जातो. दोन्ही बाजूंना पंपांच्या कडेला पिवळे लोखंडी खांब असतातच. त्यामुळे ट्रेलरची चाकं शेवटच्या खांबाच्या पुढे जाईपर्यंत मी स्टिअरिंग सरळ धरतो. बायको खाली उतरून मागच्या कोपऱ्यापाशी उभी असते. ‘येऊ दे, येऊ दे...’ आणि मग ‘बास!’ आमचा नियम एकच: आरशात ती दिसेनाशी झाली की गाडी जागच्या जागी थांबवायची. तिला हे काम माझ्याहून चांगलं जमतं. ती खांबाकडे बघत नाही, खांब आणि पत्रा यांच्यामधल्या फटीकडे बघते.

याहून सोपी वाटही आहे. मुक्कामाला पोचून ट्रेलर सोडला, की संध्याकाळी नुसता पिकअप घेऊन गावातल्या कुठल्याही पंपावर जायचं आणि टाकी काठोकाठ भरून आणायची. सकाळी ट्रेलर जोडायचा आणि थेट रस्त्याला लागायचं. कोलोरॅडोत डोंगराळ भागात साधं पेट्रोल 85 ऑक्टेनचं असतं. उंचावर तेवढं पुरतं हा हिशेब कार्ब्युरेटरच्या काळातला. ट्रेलर असताना मी 87 च्या खाली कधी भरत नाही.

ग्लेनवुड कॅन्यनच्या आधी, ईगल किंवा जिप्समला, मी टाकी भरतोच, मग ती पाऊण भरलेली का असेना. 2021 च्या उन्हाळ्यात आदल्या वर्षीच्या वणव्यात होरपळलेल्या उतारांवरून चिखल आणि दगड कोसळले आणि कॅन्यनमधला हायवे सुमारे दोन आठवडे बंद राहिला. तेव्हा उत्तरेला स्टीमबोट स्प्रिंग्ज, क्रेग असा वळसा घालून रायफलला उतरावं लागत होतं. काही तासांचा वळसा, तोही डोंगरातून. नकाशावर तो वळसा आधीच मोजून ठेवलेला असला पाहिजे.

आणि युटामधला तो टप्पा. ग्रीन रिव्हर सोडलं की सलायनापर्यंत सुमारे 110 मैल एकही पंप नाही. अमेरिकेच्या इंटरस्टेट हायवेंवर सोयींविना एवढा लांब पट्टा दुसरा नाही. ग्रीन रिव्हर 4,100 फुटांच्या आसपास; तिथून सॅन राफाएलच्या लाल कड्यांमधून रस्ता 7,000 फुटांच्या वर चढतो, उतरतो आणि सलायनाआधी पुन्हा चढून जवळजवळ 7,900 फुटांवर जातो. वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे समोरचा. गॅलनला साडेसहा मैल धरले तर 17 गॅलन लागतात. भरलेल्या टाकीला ते सहज झेपतं, अर्ध्या टाकीला नाही. तेव्हा पश्चिमेला जाताना ग्रीन रिव्हरला आणि उलट येताना सलायनाला टाकी भरल्याशिवाय हायवेवर चढू नका. मधे लागणाऱ्या थांब्यांवर दरीचा देखावा आणि स्वच्छतागृहं आहेत, पेट्रोल नाही.