राखेतल्या द्राक्षबागा

चांदवडच्या माणसाला काळ्या दगडाचं कौतुक सांगायला जाऊ नये. सातमाळा रांगेच्या पायथ्याशी त्याचा जन्म जातो. इंद्राईच्या कोरीव पायऱ्या, किल्ल्याचा कडा, रेणुकामातेचा डोंगर, सगळा एकच कातळ. त्यामुळे अटलांटिक महासागरातल्या लान्सारोते बेटावर, आरेसिफे शहर मागे टाकून गाडी काळ्या माळरानात शिरली, तेव्हा शेजारी बसलेल्या काकांनी एकदा बाहेर पाहिलं आणि विचारलं, “एवढ्या लांब हे बघायला आणलंस?”

काकांची चांदवड तालुक्यात द्राक्षं आणि कांदा. मुलगी जर्मनीत नोकरीला. समुद्र, संग्रहालयं आणि बागा एकाच सहलीत दाखवायचा बेत तिचा होता. बेट स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातलं, पण आफ्रिकेचा किनारा इथून जेमतेम सव्वाशे किलोमीटर.

दगड आपल्याच जातीचा असला तरी वयात फार अंतर. दख्खनचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लान्सारोतेचा बराच भाग थेट बाजीराव पेशव्यांच्या काळातला. पुण्यात शनिवारवाड्याची पायाभरणी झाली त्याच वर्षी, १ सप्टेंबर १७३० च्या रात्री, तिमानफाया गावाजवळ जमीन फाटली आणि एप्रिल १७३६ पर्यंत ती धुमसत राहिली. यैसा गावचे पाद्री आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी सुरुवातीच्या काळाची नोंद ठेवली, म्हणून कोणतं गाव कधी गाडलं गेलं ते आज कळतं. बेटाचा जवळपास चौथा हिस्सा लाव्ह्याखाली गेला, त्यात धान्याची चांगली जमीनही होती. तिमानफायाच्या राष्ट्रीय उद्यानात आजही वाळलेलं झुडूप खड्ड्यात टाकलं की पेट घेतं आणि नळीत ओतलेलं पाणी वाफेचा फवारा होऊन उडतं. उपाहारगृहात याच उष्णतेवर मांस भाजतात. पर्यटक टाळ्या वाजवतात. काकांनी ऑम्लेट मागवलं.

त्यांचं चित्त लागलं ते ला हेरियात. डोळा पोचेल तिथवर काळी राख, तिच्यात माणूस उभा मावेल असे गोल खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एक हिरवी वेल आणि वाऱ्याच्या बाजूला सुट्या दगडांची अर्धचंद्राकृती भिंत. उद्रेकानंतर इथल्या शेतकऱ्यांनी राखेतून खाली खणत जुनी माती गाठली आणि तिच्यात मालवासिया द्राक्षं लावली. पाऊस वर्षाला दीडशे मिलिमीटरही नाही. दुष्काळी म्हणवणाऱ्या चांदवडमध्येही याहून कितीतरी जास्त पडतो. पण ही सच्छिद्र राख रात्रीचा दमटपणा शोषते आणि दिवसा मातीतली ओल उडू देत नाही.

आमच्याकडे द्राक्ष म्हणजे मांडव, तारा, ठिबक, डॉगरिजच्या खुंटावर कलम, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि अधूनमधून अवकाळीचा धसका. इथे वेल जमिनीवर लोळते, तीही स्वतःच्याच मुळावर. कारण एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागा मुळांपासून उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा कीड तेव्हा या बेटांपर्यंत पोचली नव्हती. काका भिंतीशी उकिडवे बसून मनातल्या मनात एकरी झाडं मोजत होते. “एका वेलीला अर्धा गुंठा! आपल्याकडं बँक दारात उभं करणार नाही.” जवळच्या एल ग्रिफो वाइनरीचं साल १७७५. तिच्या जुन्या इमारतीतल्या संग्रहालयात दाबयंत्रं, पिंपं आणि अवजारं मांडली आहेत. तिथून त्यांना बाहेर काढायला बरीच मनधरणी करावी लागली.

आरेसिफेचा सान होसे किल्लाही त्याच दशकातला. तिसऱ्या कार्लोस राजाच्या काळात तो बांधला गेला तो उपासमारीत लोकांना काम मिळावं म्हणून, आणि लोक त्याला भुकेचा किल्ला म्हणत. तेव्हा इकडे होळकरांचा कारभार अहिल्याबाईंच्या हातात होता. चांदवडचा रंगमहाल त्यांचाच. किल्ल्यात १९७६ पासून आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. तोफांच्या जागी अमूर्त चित्रं. मला ती फारशी कळली नाहीत, पण त्या जाड भिंतींत ती शोभतात खरी. रंगमहालाच्या लाकडी खांबांमध्ये आजच्या चित्रकारांची चित्रं कशी दिसतील, हा विचार काही डोक्यातून जाईना.

हे संग्रहालय उभं राहिलं ते सेसार मान्रिके यांच्यामुळे. चित्रकार, जन्म १९१९, आरेसिफेचाच. न्यूयॉर्कहून परतल्यावर त्यांनी ताहिचे इथे लाव्ह्यात पोकळ्या पडून तयार झालेल्या पाच खोल्यांवर घर बांधलं. उंच इमारती आणि रस्त्याकडेचे जाहिरातफलक नकोत म्हणून त्यांनी आयुष्यभर भांडण मांडलं. बेटभर फिरताना तसे फलक जवळजवळ दिसतच नाहीत. मुंबई-आग्रा महामार्गावर वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचत लहानाचं मोठं झालेल्याला हे आधी चुकल्यासारखं वाटतं. १९९२ मध्ये ते गेले, रस्त्यावरच्या अपघातात.

ग्वातिसाची निवडुंगाची बाग (१९९०) त्यांचं शेवटचं मोठं काम. शेतासाठी राख काढून काढून पडलेल्या खाणीत पायऱ्यापायऱ्यांची बाग, त्यात निवडुंगाच्या साडेचारशेच्या आसपास जाती. पण खरी गंमत बागेच्या कुंपणाबाहेर. आपण बांधावर नकोसा म्हणून तोडतो त्या फड्या निवडुंगाची इथे रांगेत शेती होती. त्यावर पोसलेल्या कोचिनील किड्यांपासून किरमिजी रंग निघायचा. कृत्रिम रंग आले आणि बाजार कोसळला. हे ऐकताना काकांनी मान हलवली. भाव पडण्याची गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

समुद्रकिनारे उरकले म्हणायचे. पापागायोची सोनेरी वाळू छान, गर्दीही तेवढीच. एल गोल्फोला मात्र काळ्या वाळूमागे शेवाळाने हिरवंगार झालेलं तळं आहे आणि दगडात ऑलिव्हिनचे हिरवे खडे चमकतात. समुद्राच्या तळाशीही मूर्तींचं एक संग्रहालय आहे, पण पाण्याखाली उतरायची तयारी आमच्यातल्या कुणाचीच नव्हती.

हॉटेलचा पोहण्याचा तलाव पाहून काकांनी चांदवडकराचा प्रश्न विचारला: “पाणी कुठून आणतात?” समुद्रातून, खारेपणा काढून. १९६० च्या दशकात असा प्रकल्प येईपर्यंत टंचाईत पाणी जहाजाने यायचं. आता दीड लाखाच्या बेटावर वर्षाला तीसेक लाख पर्यटक येतात. या लोंढ्याविरुद्ध मान्रिकेही ऐंशीच्या दशकात जाहीरपणे बोलले होते. आम्हीही त्या लोंढ्यातलेच.

उत्तरेकडे जाताना राखेचा पातळ थर दिलेल्या शेतात कांद्याची पात दिसली. गाडी थांबवणं भागच होतं. काकांनी राख मुठीत घेतली, खालची माती बोटाने उकरली, ओल लागली तशी पुन्हा झाकली. मग तिथूनच घरी मुलाला फोन लावला, “काय रे, यंदा मल्चिंग पेपरला एकरी किती घातले आपण?”